सर्व्हर चालू आहे, तरी मित्र आत येत नाहीत: गाडी अडलीय कुठे ते शोधायचं कसं

"होत नाहीये रे" या मेसेजवरून काहीच कळत नाही. गेम होस्ट करणाऱ्याने, म्हणजे स्वतःच्या कॉम्प्युटरवर सर्व्हर चालवून मित्रांना बोलावणाऱ्याने, सगळ्यात आधी पलीकडच्याकडून स्क्रीनवरच्या एररचा फोटो मागवावा. राउटर बंद-चालू करणं, फायरवॉल (अनोळखी जोडण्या अडवणारा प्रोग्रॅम) उडवणं, गेम परत इन्स्टॉल करणं हे सगळं नंतर. बहुतेक वेळा एररच्या दोन शब्दांतच कळतं की पॅकेट, म्हणजे नेटवरून जाणारा माहितीचा तुकडा, कुठपर्यंत पोचलं आणि कुठे अडकलं.

माइनक्राफ्टच्या जावा एडिशनचं उदाहरण घेऊ, कारण त्याचे एरर बऱ्यापैकी प्रामाणिक असतात. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर पॅकेट कुठल्यातरी मशीनपर्यंत गेलं आणि "या पोर्टवर इथे कुणी ऐकत नाही" असं उत्तर घेऊन परत आलं. म्हणजे रस्ता मोकळा आहे, पण सर्व्हर बंद आहे किंवा पोर्टचा (कॉम्प्युटरवरच्या दरवाजाचा) आकडा चुकलाय. 'कनेक्शन टाइम्ड आउट' ही वेगळी गोष्ट. तिथे उत्तरच आलं नाही, कुणीतरी पॅकेट मुकाट्याने गिळलं. ते काम फायरवॉलचं असतं, नसलेल्या पोर्ट फॉरवर्डिंगचं (राउटरला दिलेल्या 'हे आत पाठव' या सूचनेचं) असतं, नाहीतर नेटवाल्याकडच्या सामायिक आयपीचं (अनेक घरांत वाटलेल्या एकाच इंटरनेट पत्त्याचं). 'अननोन होस्ट' म्हणजे पत्ताच वाचता आला नाही. व्हॉट्सॲपवरून कॉपी करताना मागे एखादी स्पेस किंवा पूर्णविराम चिकटून आला की हमखास हे होतं. आणि 'आउटडेटेड क्लायंट' किंवा 'फेल्ड टु व्हेरिफाय युजरनेम' आलं तर नेटवर्कला हात लावू नका. कनेक्शन झालेलं आहे, भांडण व्हर्जनचं किंवा अकाउंटचं आहे.

व्हॅलहाइम, फॅक्टोरिओ किंवा माइनक्राफ्ट बेडरॉक यांसारखे यूडीपीवर (पोच न मागता पॅकेट पाठवण्याची पद्धत; पोच घेणारी ती टीसीपी) चालणारे गेम एवढं नीट बोलत नाहीत. तिथे चक्र फिरत राहतं आणि शेवटी 'डिस्कनेक्टेड' येतं. अशा वेळी आतून बाहेर तपासत जायचं.

आतून बाहेर

पहिली तपासणी सर्व्हर ज्या कॉम्प्युटरवर आहे तिथूनच करा. गेममध्ये १२७.०.०.१ हा, म्हणजे त्याच कॉम्प्युटरचा स्वतःचा, पत्ता टाकून जोडून बघा. इथेच अडलं तर दोष सर्व्हरचा आहे, बाहेरच्या कुणाचा नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅट ही आज्ञा उणे चिन्ह आणि 'एएनओ' जोडून चालवली की कोणत्या पोर्टवर कोण बसलंय त्याची यादी येते (प्रोग्रॅमचं नाव नाही, त्याचा पीआयडी क्रमांक दिसतो). त्यात माइनक्राफ्ट जावाच्या २५५६५ या पोर्टसमोर 'लिसनिंग' दिसायला हवं. दिसत नसेल तर सर्व्हरच्या प्रॉपर्टीज फाइलमधली 'सर्व्हर-आयपी' ही ओळ बघा. ती रिकामी असायला हवी. बरेच जण तिथे आपला पब्लिक आयपी (बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता) लिहून ठेवतात, मग सर्व्हर सुरू होतानाच 'फेल्ड टु बाइंड टु पोर्ट' म्हणून बसतो. कारण तो पत्ता तुमच्या कॉम्प्युटरचा नसतोच, राउटरचा असतो.

दुसरी तपासणी घरातल्याच दुसऱ्या लॅपटॉपवरून. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग ही आज्ञा चालवून सर्व्हरच्या कॉम्प्युटरचा घरगुती पत्ता काढा. तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा असेल. यादीत व्हर्च्युअलबॉक्स, हायपर-व्ही किंवा एखाद्या व्हीपीएनसारख्या प्रोग्रॅमनी बनवलेले ॲडॉप्टरही (नेटवर्कच्या जोडण्याही) दिसतात, त्यांचे पत्ते उचलू नका. ज्या ॲडॉप्टरसमोर 'डीफॉल्ट गेटवे' (राउटरचा पत्ता) भरलेला आहे तोच खरा. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर राउटरने त्या कॉम्प्युटरला पत्ता दिलेलाच नाही, आधी ती केबल किंवा वायफाय बघा.

घरातल्या घरातच जोडणी होत नसेल तर कारणं मोजकी आहेत. एक मशीन गेस्ट वायफायवर असतं, किंवा राउटरमध्ये 'एपी आयसोलेशन' चालू असतं आणि वायफायवरची उपकरणं एकमेकांना दिसतच नाहीत. किंवा विंडोजने घरचं नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदवलेलं असतं, आणि गेमला परवानगी फक्त 'प्रायव्हेट' नेटवर्कवर दिलेली असते.

फायरवॉलची एक खोड मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्यापायी लोक रात्रच्या रात्र घालवतात. सर्व्हर पहिल्यांदा चालवला की विंडोज परवानगी विचारणारी एक खिडकी दाखवतं. माइनक्राफ्टच्या बाबतीत तिच्यावर 'माइनक्राफ्ट' असं कुठेच लिहिलेलं नसतं, 'ओपनजेडीके प्लॅटफॉर्म बायनरी' असं काहीतरी अनोळखी नाव असतं. ते जावाचं, ज्यावर हा सर्व्हर चालतो. बघणाऱ्याला वाटतं व्हायरसबियरस असेल, तो 'कॅन्सल' दाबतो. आता कॅन्सल म्हणजे "नंतर बघू" असं विंडोज समजत नाही. ते त्या प्रोग्रॅमसाठी ब्लॉकचा नियम लिहून ठेवतं. पुढे तुम्ही पोर्ट २५५६५ साठी परवानगीचा नवा नियम केलात तरी उपयोग शून्य, कारण परवानगी आणि ब्लॉक समोरासमोर आले की ब्लॉक जिंकतो. उपाय असा: स्टार्टमध्ये 'विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी' शोधून उघडा, डावीकडे 'इनबाउंड रूल्स' निवडा, आणि जावाच्या नावापुढे लाल गोल खूण असलेले नियम शोधून काढून टाका. एकाच जावाचे टीसीपी आणि यूडीपी असे दोन-दोन नियम असतात, आणि दोन-तीन जावा इन्स्टॉल झालेले असतील तर प्रत्येकाचे वेगळे. सगळे गेले की सर्व्हर परत सुरू करा आणि या वेळी खिडकी आली की परवानगी द्या. क्विक हीलसारख्या अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असते. ती चालू असेल तर विंडोजचे नियम नीट करूनही भागत नाही, परवानगी तिथे द्यावी लागते.

दोन आकडे, आणि निम्मा निकाल

घरात चालतंय, बाहेरून चालत नाही, अशा ठिकाणी आलात की पोर्ट फॉरवर्डिंगचे व्हिडिओ लावण्याआधी दोन आकडे शेजारी-शेजारी लिहा.

पहिला आकडा राउटरच्या आत असतो. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. जिओफायबरच्या डब्यात तो सहसा १९२.१६८.२९.१ असतो, इतरांकडे बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. आत 'स्टेटस' किंवा 'वॅन' या पानावर राउटरला नेटवाल्याकडून मिळालेला पत्ता, म्हणजे वॅन आयपी, दिसतो. दुसरा आकडा म्हणजे 'माझा आयपी काय' असं विचारल्यावर बाहेरची साइट दाखवते तो. साइटने अक्षरं-आकडे मिसळलेला लांबलचक पत्ता दाखवला तर तो आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा पत्ता आहे. तिथे आयपीव्ही४ (जुना, चार आकड्यांचा) वेगळा दाखवणारी साइट उघडा. व्हीपीएन चालू असेल तर बंद करा.

दोन्ही आकडे सारखे असतील तर तुम्ही नशीबवान आहात, पोर्ट फॉरवर्डिंग चालेल. वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर तुमच्या राउटरच्या पुढे आणखी एक राउटर बसलाय, बहुधा नेटवाल्याने दिलेला फायबरचा डबा. आणि वॅन आयपी १० ने सुरू होत असेल किंवा १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर तुम्ही बहुधा सीजीनॅटच्या (अनेक घरांत एकच पब्लिक आयपी वाटणाऱ्या नेटवाल्याच्या यंत्रणेच्या) मागे आहात. मग राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरून कुणीही येऊ शकणार नाही.

असं का, ते समजायला ठाण्याच्या घोडबंदर रोडवरची एखादी मोठी टाउनशिप डोळ्यांसमोर आणा. घरातला राउटर म्हणजे तुमच्या बिल्डिंगचा वॉचमन. तुम्ही स्वतः काही मागवलं तर तो लक्षात ठेवतो आणि पार्सल तुमच्या फ्लॅटला पाठवतो. न मागवता आलेलं पार्सल, ज्यावर फ्लॅट नंबरच नाही, ते तो परत लावतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे वॉचमनला दिलेली चिठ्ठी: "२५५६५ लिहिलेलं काहीही आलं की अमुक फ्लॅटला पाठव." सीजीनॅटमध्ये बिल्डिंगच्याही बाहेर टाउनशिपचं मोठं गेट असतं, आणि बाहेरच्या जगाला पत्ता फक्त त्या गेटचा माहीत असतो. तुमच्या वॉचमनकडे चिठ्ठी आहे, पण पार्सल त्याच्यापर्यंत येतच नाही. मोठ्या गेटवरच्या वहीत लिहायचा अधिकार तुम्हाला नाही, तो नेटवाल्याचा.

नेटवाले हे हौसेने करत नाहीत. आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला, आणि आशिया-पॅसिफिकचा वाटा त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटच्या राखीव तुकड्यावर आला. २०१२ मध्ये १००.६४ पासूनचा पट्टा खास या सामायिक वापरासाठी राखून ठेवला गेला. ज्यांनी नंतर लाखो घरं जोडली त्यांच्याकडे प्रत्येक घराला द्यायला वेगळा पत्ता नव्हताच. सोसायटीतल्या केबलवाल्याचं नेट असेल तर तो वरच्या मोठ्या कंपनीकडून मोजकेच पत्ते घेतो आणि शेकडो घरांत फिरवतो.

पब्लिक आयपी असेल तर

आधी सर्व्हरच्या कॉम्प्युटरचा घरगुती पत्ता राउटरमध्ये पक्का करून घ्या. या सोयीला 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' किंवा 'डीएचसीपी स्टॅटिक' म्हणतात, आणि ती कॉम्प्युटरच्या मॅक ॲड्रेसवर (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकावर) चालते. हे केलं नाही तर आज सर्व्हर १९२.१६८.१.५ वर असतो, लाइट जाऊन आली की १९२.१६८.१.९ वर, आणि फॉरवर्डिंग आता कुणाच्या तरी टीव्हीकडे जायला लागतं. वायफाय आणि केबलचे मॅक वेगळे असतात, तेव्हा जे वापरणार त्याचाच घ्या. फोन आणि काही लॅपटॉपवर 'रँडम मॅक' चालू असतो, तोही बंद करा.

मग राउटरच्या पानावर पोर्ट फॉरवर्डिंग शोधा. काही डब्यांत ते 'व्हर्च्युअल सर्व्हर' या नावाने असतं, काहींत 'पोर्ट मॅपिंग'. बाहेरचा पोर्ट आणि आतला पोर्ट दोन्ही सारखेच ठेवा, आतला पत्ता तुम्ही पक्का केलेला. प्रोटोकॉलच्या रकान्यात घाई करू नका. माइनक्राफ्ट जावाला २५५६५ टीसीपी लागतो, बेडरॉकला १९१३२ यूडीपी. टेरारियाला ७७७७ टीसीपी, व्हॅलहाइमला २४५६ ते २४५८ यूडीपी, फॅक्टोरिओला ३४१९७ यूडीपी, पालवर्ल्डला ८२११ यूडीपी. यूडीपीच्या गेमसाठी टीसीपीचा नियम करून ठेवणं ही इतकी नेहमीची चूक आहे की शंका असेल तिथे 'बोथ' निवडलेलं परवडलं.

वॅन आयपी १९२.१६८ वाला निघाला असेल, म्हणजे डबल नॅट (नॅट म्हणजे एका पत्त्यामागे अनेक उपकरणं ठेवणं), तर दोन राउटर एकामागे एक चिठ्ठ्या मागतात. पहिल्या डब्यातून दुसऱ्या राउटरला, दुसऱ्यातून कॉम्प्युटरला, असे दोन नियम करावे लागतात. त्यापेक्षा दुसरा राउटर 'ॲक्सेस पॉइंट मोड'मध्ये टाकणं सोपं. तो मग फक्त वायफाय पुरवतो, पत्ते वाटत नाही. मात्र पहिल्या डब्याचाही वॅन आयपी बघून घ्या. त्याच्यावर १० किंवा १०० वाला पत्ता असेल तर एवढी खटपट वाया.

तपासताना एक गफलत होते. घरच्याच वायफायवर बसून स्वतःचा पब्लिक आयपी टाकला की बरेच राउटर तो आत वळवू शकत नाहीत आणि टाइम्ड आउट येतं. फॉरवर्डिंग बरोबर असूनही. म्हणून बाहेरची तपासणी खरोखर बाहेरूनच करा: दुसऱ्या लॅपटॉपला फोनचा हॉटस्पॉट द्या, वायफाय तोडा, मग जोडा. पोर्ट तपासणाऱ्या बहुतेक साइट फक्त टीसीपी बघतात, आणि तेही सर्व्हर चालू असेल तरच 'ओपन' सांगतात. सर्व्हर बंद ठेवून पोर्ट 'क्लोज्ड' दिसला म्हणून राउटरला शिव्या देण्यात अर्थ नाही.

सीजीनॅट असेल तर

आधी हे बघा की पोर्टची गरज तरी आहे का. स्टारड्यू व्हॅलीत इन्व्हाइट कोड देऊन किंवा स्टीमवरून मित्राला बोलावता येतं, टेरारियात 'होस्ट अँड प्ले' करताना स्टीमचा रस्ता निवडता येतो, व्हॅलहाइममध्ये क्रॉसप्ले चालू केलं की जॉइन कोड मिळतो. या सगळ्यांत मधला सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो, म्हणून सीजीनॅट आड येत नाही. ज्याला महिन्यातून एकदा दोन तास खेळायचंय त्याने याच्या पलीकडे जाऊ नये.

हे जमत नसेल तर सगळ्यात कमी डोकेदुखीचा मार्ग म्हणजे टेलस्केल किंवा झीरोटिअरसारखं खासगी नेटवर्क. सगळे जण ते ॲप टाकतात, एकाच नेटवर्कमध्ये येतात, आणि प्रत्येकाला एक आतला पत्ता मिळतो. मित्र तुमचा तो पत्ता गेममध्ये टाकतो, बस. दोघांत फरक आहे आणि तो गेम खेळणाऱ्याला जाणवतो. झीरोटिअर घरातल्या केबलसारखंच जाळं तयार करतं, त्यामुळे 'लॅन'च्या (घरगुती नेटवर्कच्या) यादीत सर्व्हर आपोआप दिसणारे जुने गेम त्यावर चालतात. टेलस्केलमध्ये "सर्व्हर इथे आहे" ही हाळी सगळीकडे पोचत नाही, पत्ता हातानेच टाकावा लागतो. टेलस्केलचे पत्तेही १०० ने सुरू होतात, सीजीनॅटच्याच पट्ट्यातले. आयपीकॉन्फिगमध्ये तो बघून "माझ्याकडे सीजीनॅट आहे" असा निष्कर्ष काढू नका. सीजीनॅट राउटरच्या वॅन पानावर ओळखायचं, कॉम्प्युटरवर नाही.

ही ॲप दोन घरांच्या नॅटमधून थेट वाट काढायचा प्रयत्न करतात. दोघेही एकाच वेळी बाहेर पॅकेट पाठवतात, आणि आपापल्या राउटरला वाटतं की आपण मागवलेलंच उत्तर येतंय. बहुतेक वेळा हे जमतं. एखाद्याचा नॅट प्रत्येक जोडणीला वेगळा पोर्ट देणारा असेल, मोबाइल डेटावर असं पुष्कळदा होतं, तर थेट वाट सापडत नाही आणि सगळी रहदारी मधल्या रिलेवरून (ॲपवाल्यांच्या सर्व्हरवरून) वळते. हे ओळखायला मोठी युक्ती नको. ठाण्याच्या वसंत विहारमधून ऐरोलीच्या मित्राशी पिंग (पॅकेट जाऊन यायला लागणारा वेळ) पाच ते वीस मिलीसेकंदांत असायला हवा, मधे फक्त खाडी आहे. तो सत्तर-ऐंशी दिसत असेल तर पॅकेट बहुधा परदेशातल्या रिलेवरून फिरून येतंय. टेलस्केलची स्वतःची पिंग आज्ञा जोडणी थेट आहे की रिलेवरून, ते स्पष्ट सांगते. अशा वेळी मित्राला हॉटस्पॉट सोडून घरच्या फायबरवर यायला सांगा, किंवा ज्याच्याकडे पब्लिक आयपी आहे अशा एकाच्या राउटरमध्ये यूपीएनपी (प्रोग्रॅमला आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) चालू करा. एका बाजूला वाट मिळाली तरी पुरतं.

आयपीव्ही६ हा मार्ग आपल्याकडे उगाच दुर्लक्षित राहतो. आयपीव्ही६ वापरण्यात भारत जगात पुढच्या देशांमध्ये आहे, आणि फायबरच्या बऱ्याच जोडण्यांवर घरातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला २४ ने सुरू होणारा स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो. तिथे नॅट नाही, म्हणून सीजीनॅटही नाही. आयपीकॉन्फिगमध्ये असे दोन पत्ते दिसतात. 'टेम्पररी' लिहिलेला सोडा, तो बदलत राहतो. दुसरा घ्या. एफई८० ने सुरू होणारा पत्ता घराबाहेर चालत नाही. माइनक्राफ्ट जावात हा पत्ता चौकोनी कंसात टाकून पुढे अपूर्णविराम आणि पोर्ट लिहायचा. दोन अटी आहेत. मित्राकडेही आयपीव्ही६ हवं, आणि राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये तो पोर्ट उघडता यायला हवा. काही डब्यांत ही सोयच दिलेली नसते, मग हा रस्ता तिथेच बंद.

नेटवाल्याला फोन करायचा असेल तर शब्द नीट वापरा. तुम्हाला खरं तर 'पब्लिक आयपी' हवाय, तो बदलता असला तरी चालतो. पण फोनवर बसलेल्याच्या यादीत बहुधा 'स्टॅटिक आयपी' एवढंच असतं, आणि त्याचे महिन्याचे पैसे वेगळे. घेण्याआधी विचारा की तो थेट वॅनवर येणार का. काही छोटे ऑपरेटर वॅनवर १० चाच पत्ता ठेवून वरच्या गेटवर एक सबंध पब्लिक पत्ता तुमच्याकडे वळवतात. ते चालतं, फक्त दोन आकड्यांची चाचणी इथे फसवी ठरते, बाहेरून जोडून बघणं हाच पुरावा. "सर, रीस्टार्ट करून बघा" या उत्तरावर मात्र वेळ घालवू नका. रीस्टार्टने सीजीनॅट जात नाही.

आणि दहा-बारा जण रोज खेळणार असतील तर घरून होस्ट करण्याचा हट्ट सोडून भाड्याचा सर्व्हर घ्यावा. जागा निवडताना 'मुंबई' निवडा. सिंगापूर स्वस्त वाटलं तरी ते सुमारे चार हजार किलोमीटरवर आहे आणि प्रकाश फायबरमधून सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटरच जातो, म्हणजे जाऊन-येऊन चाळीस मिलीसेकंद निसर्गानेच कापून घेतले, प्रत्यक्षात त्याहून जास्त. मुंबईच्या नावाने विकल्या जाणाऱ्या सर्व्हरचे बरेच डेटा सेंटर ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यात आहेत, त्यामुळे कोपरखैरणेकराला तो सर्व्हर घरच्या अंगणातलाच. स्वतः क्लाउडवर मशीन घेतलं तर पोर्ट दोन ठिकाणी उघडावा लागतो: क्लाउड कंपनीच्या पानावरच्या सिक्युरिटी नियमांत आणि मशीनच्या आतल्या फायरवॉलमध्ये. एकच उघडून अडकलेले लोक पुष्कळ.

जोडलं जातंय, पण अडखळतंय

इथे नेट आणि कॉम्प्युटर यांत आधी फरक करा. सर्व्हरच्या काळ्या खिडकीत 'कान्ट कीप अप' अशी ओळ येत असेल तर नेटचा संबंध नाही. माइनक्राफ्टचं जग सेकंदाला २० ठोक्यांनी चालतं, प्रत्येक ठोक्याला ५० मिलीसेकंद. कॉम्प्युटरला तेवढ्यात काम उरकत नाही. व्ह्यू डिस्टन्स १० वरून ६ किंवा ७ वर आणा. चार-पाच जणांना जावासाठी ४ जीबी रॅम पुरते. १६ पैकी १२ देऊन टाकली तर विंडोजला आणि तुमच्या स्वतःच्या गेमला काय उरणार? होस्ट लॅपटॉप असेल तर झाकण बंद केल्यावर झोपणार नाही अशी पॉवर सेटिंग करा.

ती ओळ येत नसेल तर दोन पिंग लावा. एक राउटरला, एक बाहेर ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला, आणि दोन्ही मिनिटभर चालू ठेवा. राउटरचा पिंगच मधेमधे शंभरावर उडत असेल तर दोष वायफायचा. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना न भिडणारी चॅनलं तीनच, १, ६ आणि ११, आणि खारघरच्या टॉवरमध्ये एका खोलीत वीस-तीस नेटवर्क सहज दिसतात. ५ गिगाहर्ट्झ बरं, पण होस्टने तरी सरळ कॅट ५ई किंवा कॅट ६ ची केबल ओढावी. शंभर मीटरपर्यंत ती कुरकुर करत नाही. राउटरचा पिंग शांत आणि बाहेरचा उडतोय, तोही फक्त घरात कुणीतरी फोनचे फोटो बॅकअपला लावले की, तर अपलोडची रांग तुंबतेय. स्पीड टेस्टमध्ये १०० एमबीपीएस दिसतात म्हणून हे नाकारू नका, गेमची पॅकेट छोटी असतात आणि ती त्या रांगेत मागे उभी राहतात. राउटरमध्ये क्यूओएस (कुणाची पॅकेट आधी जातील ते ठरवणारी सोय) असेल तर अपलोडला खऱ्या वेगाच्या नव्वद टक्क्यांची मर्यादा घाला, नसेल तर बॅकअप रात्री दोननंतर.

काल चाललं आणि आज नाही, अशी तक्रार पावसाळ्यात जास्त येते. लाइट गेली, राउटर परत सुरू झाला, पब्लिक आयपी बदलला, मित्र जुनाच पत्ता टाकतोय. फुकट डीडीएनएस नाव घेऊन राउटरमध्ये भरलं की पत्ता बदलला तरी नाव तेच राहतं. फायबरचा डबा बहुधा १२ व्होल्टवर चालतो. ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर बघून त्याच मापाचा राउटर यूपीएस लावला तर थोडा वेळ लाइट गेल्याने नेट तुटत नाही, अर्थात पलीकडे ऑपरेटरच्या स्विचलाही बॅटरी असेल तर.

पोर्ट उघडा ठेवला की अनोळखी लोक येतातच. २५५६५ सतत शोधत फिरणारे बॉट आहेत आणि लॉगमध्ये त्यांची नावं लवकरच दिसायला लागतात. व्हाइटलिस्ट (फक्त ज्यांना आत सोडायचं त्यांच्या नावांची यादी) पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेल्या लॉग४शेल या भगदाडात फक्त चॅटमध्ये एक ओळ टाकून सर्व्हरचा ताबा घेता येत होता. ते माइनक्राफ्ट १.१८.१ मध्ये बुजवलं, तेव्हा जुन्या मॉडपॅकच्या (गेममध्ये बदल करणाऱ्या फायलींच्या संचाच्या) हट्टापायी त्याआधीची आवृत्ती चालवत असाल तर त्यावरचा पॅच घातल्याशिवाय पोर्ट उघडू नका. 'काहीच चालत नाही तर डीएमझेडमध्ये टाक' हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याने अख्खा कॉम्प्युटर सगळ्या पोर्टांसकट बाहेर उभा राहतो. आणि सर्व्हर बंद करून महिना झाला असेल तर राउटरमधला तो नियमही काढून टाका.